उंबऱ्यावरच ओळख देणारं वाक्य

वाशिमच्या एसटी स्टँडवर सकाळी थोडा वेळ थांबलं की व्याकरणाचा एक धडा फुकटात मिळतो. धावत आलेला एक जण पिशवी खाली टेकवून विचारतो, "अकोल्याची गाडी गेली?" बाकावर बसलेले आजोबा मान हलवतात, "अकोल्याची गाडी गेली." मागून आलेली बाई कपाळाला हात लावते, "अकोल्याची गाडी गेली!" शब्द तीनच, त्यांचा क्रम तोच आणि क्रियापदाचं रूपही तेच. तरी पहिलं वाक्य प्रश्न आहे, दुसरं माहिती, तिसरं हळहळ. ऐकणाऱ्या कुणाचाही गोंधळ होत नाही, कारण सगळा फरक आवाजात आहे.

हाच प्रसंग दहावीच्या इंग्रजीच्या वहीत आला की चित्र पालटतं. माहिती द्यायची तर 'द बस हॅज लेफ्ट'. विचारायचं तर 'हॅज' उडी मारून पुढे येतो, 'हॅज द बस लेफ्ट?' गाडी किती लवकर गेली याची हळहळ करायची तर वाक्याची मांडणीच वेगळी, 'हाऊ अर्ली द बस लेफ्ट!' इथे नुसता आवाज चढवून भागत नाही, शब्दांना जागा बदलावी लागते.

इंग्रजीतले वाक्यांचे प्रकार आपल्याकडची मुलं तक्त्यातून पाठ करतात. असर्टिव्ह, इंटरॉगेटिव्ह, इम्परेटिव्ह, एक्सक्लमेटरी. पुढच्या पानावर सिम्पल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्स. व्याख्या पाठ होतात, एकेक उदाहरण पाठ होतं आणि परीक्षेत तिसरंच वाक्य आलं की हात थांबतो. अडचण पाठांतरात नाही. मराठी कान वाक्याचा प्रकार जिथे शोधतो तिथे इंग्रजी तो ठेवत नाही. मराठी वाक्य आपला स्वभाव बहुतेक वेळा शेवटी सांगतं. इंग्रजी वाक्य उंबऱ्यावरच ओळख देऊन आत येतं. एवढी एक गोष्ट ध्यानात आली की तक्त्यातले बरेच नियम आपोआप उलगडतात.

एका ताम्रपटातली दोन कामं

वाक्यांची वाटणी दोन तऱ्हांनी करता येते. वाक्य काय काम करतं, ही एक. ते कसं बांधलंय, ही दुसरी. यातली पहिली वाटणी समजून घ्यायला वाशिमकरांना फार लांब जायला नको.

आजचं वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी. 1939 साली इथे या घराण्यातल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी त्याचा अभ्यास केला. सर्वसेनाचा हा मुलगा स्वतःला 'धर्ममहाराज' म्हणवतो आणि राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून एका गावाचं दान जाहीर करतो. भाषेच्या दृष्टीने या पत्र्यांवर एक गंमत आहे. राजाची वंशावळ संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा, व्यवहाराचा भाग प्राकृतात. आजोबा कोण, वडील कोण, घराणं केवढं थोर, हे सांगणं म्हणजे विधान. ते भारदस्त भाषेत, लांब समासांत होतं. गाव कुणाला दिलं, कोणते कर माफ केले, अधिकाऱ्यांनी काय करायचं नाही, हा हुकूम. तो लोकांच्या तोंडच्या भाषेला जवळ असलेल्या प्राकृतात होतो, कारण हुकूम ज्यांच्यासाठी असतो त्यांना तो कळावा लागतो.

काम बदललं की भाषेचं रूप बदलतं, हे सोळाशे वर्षांपूर्वी वत्सगुल्मातल्या लेखनिकाला ठाऊक होतं. त्याने त्यासाठी भाषाच बदलली. इंग्रजी भाषा बदलत नाही, शब्दांचा क्रम बदलते. मराठी बहुतेक वेळा क्रियापदाचा शेवट बदलते, नाहीतर शेवटी एखादा छोटा शब्द जोडते. काम तिघांचं एकच.

विधान आणि प्रश्न

इंग्रजीतल्या असर्टिव्ह वाक्याची घडी साधी आहे. आधी कर्ता, मग क्रियापद, मग बाकीचं. 'शेतकरी सोयाबीन पेरतो' हे आपलं वाक्य इंग्रजीत 'शेतकरी पेरतो सोयाबीन' अशा क्रमाने जातं. वाशिम जिल्ह्यात वऱ्हाडी मराठी, तांड्यांवरची गोरमाटी, हिंदी आणि उर्दू ऐकू येतात. या चारही भाषांत क्रियापद सहसा शेवटी बसतं. त्यामुळे मानोऱ्याजवळच्या तांड्यावरून आलेलं मूल असो की कारंज्याच्या बाजारपेठेतलं, इंग्रजीच्या तासाला दोघांचा तिढा एकच असतो. क्रियापद मध्येच कसं येतं?

प्रश्न विचारताना हा तिढा वाढतो. मराठीत 'तू येतोस' या विधानाचा प्रश्न करायला शेवटी 'का' जोडला की झालं. मधल्या एकाही शब्दाला धक्का लागत नाही. हिंदी-उर्दूतला 'क्या' बहुधा सुरुवातीला येतो, पण बाकी वाक्य तसंच राहतं. इंग्रजीत मात्र सहायक क्रियापद कर्त्याला ओलांडून पुढे येतं. 'शी इज रेडी' चं 'इज शी रेडी?' होतं, 'दे कॅन स्विम' चं 'कॅन दे स्विम?' होतं. जिथे सहायक क्रियापदच नाही तिथे इंग्रजी बाहेरून एक माणूस बोलावते. तो म्हणजे 'डू'. 'यू लाइक मँगोज' या वाक्यात पुढे पाठवायला कुणी नाही, म्हणून 'डू यू लाइक मँगोज?' या 'डू'ला स्वतःचा काही अर्थ नाही. लग्नात नवरदेवाच्या पुढे वाजंत्री चालते तसा तो पुढे चालतो आणि मागून प्रश्न येतोय एवढंच सांगतो.

इंग्रजी पूर्वीपासून अशी नव्हती. जुन्या इंग्रजीत मुख्य क्रियापदच सरळ कर्त्याच्या पुढे जाई. 'डू'चा वापर हळूहळू पसरला. शेक्सपिअरच्या नाटकांत दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी दिसतात. पुढे 'डू'ची पद्धत पक्की झाली आणि जुनी रचना मागे पडली. आपल्या विद्यार्थ्यांना छळणारा 'डू-डज-डिड' हा अनादि नियम नाही, भाषेने वाटेत लावून घेतलेली सवय आहे, हे सांगितलं तर त्यांचा त्याच्यावरचा राग थोडा तरी निवळेल.

दुसऱ्या जातीचे प्रश्न 'काय, कोण, कुठे, केव्हा, काऊन' यांचे. वऱ्हाडी माणूस 'का' विचारत नाही, 'काऊन' विचारतो. 'तू काल शाळेत काऊन नाही आला?' इथे प्रश्नाचा शब्द वाक्याच्या पोटात, जिथे उत्तर यायचं त्या जागेवर बसला आहे. इंग्रजीत तो दारात येऊन उभा राहतो, 'व्हाय डिड यू नॉट कम टू स्कूल यस्टरडे?' आणि त्याच्या मागोमाग सहायक क्रियापदही हजर. मुलं नेमकं इथेच 'व्हाय यू डिड नॉट कम?' असं लिहितात. प्रश्नशब्द पुढे आणायचं त्यांना जमलं, पण क्रियापदानेही त्याच्यासोबत यायचं असतं हे राहून गेलं.

तिसरा प्रकार पुस्तकात छोटा आणि बोलण्यात मोठा. 'तू येणार ना?' हा मराठी 'ना' कुणालाही, कोणत्याही काळात, कोणत्याही क्रियापदामागे चालतो. इंग्रजीत त्यालाही हिशेब आहे. 'ही इज अ टीचर' च्या मागे 'इजन्ट ही?', 'दे वेंट होम' च्या मागे 'डिडन्ट दे?' आणि आधीचं वाक्य नकारार्थी असेल तर शेपटी होकारार्थी. भारतात इंग्रजी बोलणाऱ्यांनी या हिशेबाला कंटाळून सगळीकडे एकच 'इजन्ट इट?' लावला. व्याकरणाच्या पुस्तकाला तो चूक वाटतो. त्याच्या मागे आपला 'ना' किंवा हिंदीचा 'है ना' उभा आहे हे दिसलं की ही चूक कुठून आली ते कळतं.

हुकूम, विनंती आणि मध्ये अडकलेला 'विध्यर्थ'

इम्परेटिव्ह वाक्याची खूण म्हणजे कर्ता गायब आणि क्रियापद पहिलं. 'ओपन द विंडो.' 'सिट डाउन.' ऐकणाराच कर्ता आहे हे गृहीत. नकार असेल तर पुन्हा 'डू' पुढे येतो, 'डू नॉट रन.' सोबत जायचं असेल तर 'लेट अस गो', म्हणजे आपलं 'चला, जाऊ'.

इथे इंग्रजी मराठीपेक्षा गरीब आहे. इंग्रजीत मालकाला, मुलाला, मास्तरांना आणि मांजराला एकच 'कम'. मराठीत 'ये' आणि 'या' यांत नात्याचं अख्खं शास्त्र आहे. वऱ्हाडीने त्यात आणखी एक रूप जपलंय. 'उद्या येजो', 'घरी गेल्यावर आईले सांगजो'. हा 'जो' लागला की हुकूम आत्ताचा राहत नाही, नंतरचा होतो आणि त्यात एक सैलपणा, आपुलकी येते. इंग्रजी क्रियापदात असं रूप नाही. तिथे 'टुमारो' वगैरे शब्दांवर काम भागवावं लागतं.

मग इंग्रजी माणूस आदर कसा दाखवतो? तो वाक्याचा प्रकारच बदलतो. 'ओपन द डोअर' ऐवजी 'कुड यू ओपन द डोअर?' दिसायला प्रश्न, कामाने विनंती. त्याला 'येस' म्हणून कुणी खुर्चीत बसून राहिलं तर तो विनोद होईल. हे आपल्याला नवीन नाही. उन्हात चालत आलेला पाहुणा ओट्यावर बसून 'पाणी आहे का?' विचारतो तेव्हा घरात पाण्याचा साठा किती, ही चौकशी नसते. रूप एका प्रकारचं आणि काम दुसऱ्या प्रकारचं, हा व्यवहार दोन्ही भाषांत चालतो. फरक प्रमाणाचा आहे. मराठीकडे 'या, बसा, द्या' अशी आदराची रूपं तयार आहेत, म्हणून तिला प्रश्नाचा आडोसा कमी वेळा घ्यावा लागतो. इंग्रजीकडे ती नाहीत. म्हणूनच मराठी माणसाचं सरळ 'गिव्ह मी द फॉर्म' हे त्याच्या मनातल्या 'फॉर्म द्या' इतकं सौजन्याचं असूनही इंग्रजी कानाला उद्धट लागतं.

आता कोणत्याही सरकारी कार्यालयाच्या भिंतीवरच्या पाट्या आठवा. 'रांगेत उभे राहावे.' 'येथे थुंकू नये.' 'पादत्राणे बाहेर काढावीत.' हे हुकूम आहेत, पण आज्ञार्थी नाहीत. मराठी व्याकरणात यांना वेगळं घर आहे, विध्यर्थ. कर्तव्य, शिष्टाचार, सल्ला, इच्छा हे सगळं त्यात मावतं. 'थुंकू नका' म्हटलं तर कुणीतरी कुणाला तरी दटावतंय. 'थुंकू नये' म्हटलं तर बोलणारा बाजूला होतो आणि रीतच बोलू लागते. इंग्रजी तक्त्यात या घराला दार नाही. पाटी असेल तर ती इम्परेटिव्ह होते, 'डू नॉट स्पिट'. वाक्य असेल तर 'शुड' किंवा 'मस्ट' घेऊन असर्टिव्हच्या खोलीत जातं. 'मुलांनी लवकर उठावे' याचं इंग्रजी कोणत्या प्रकारात, असा प्रश्न हुशार विद्यार्थ्याला पडतो तो यामुळे. इंग्रजीत ते साधं विधान आहे, हे उत्तर त्याला पटत नाही, कारण मराठीत ते विधान वाटत नाही.

शुभेच्छांचंही तसंच. 'तुझं भलं होवो' यातला 'वो' म्हणजे इच्छा. इंग्रजीत तिच्यासाठी 'मे' पुढे येतो, 'मे यू लिव्ह लाँग'. जुन्या पुस्तकांत यांचा ऑप्टेटिव्ह नावाचा पाचवा प्रकार दिलेला असतो. नवीन पुस्तकं बहुधा चारांवरच थांबतात. पण 'मे' ने उंबऱ्यावर उभं राहून ओळख द्यायची, ही रीत इथेही सुटलेली नाही.

विहीर किती खोल

एक्सक्लमेटरी वाक्यात इंग्रजीचा हा स्वभाव सगळ्यात स्पष्ट दिसतो. दोन वाक्यं शेजारी ठेवू. 'हाऊ डीप इज द वेल?' आणि 'हाऊ डीप द वेल इज!' शब्द तेच पाच. पहिल्यात क्रियापद कर्त्याच्या पुढे गेलं म्हणून तो प्रश्न, विहीर किती खोल आहे? दुसऱ्यात 'हाऊ' पुढे आला, पण कर्ता आणि क्रियापद आपापल्या जागी राहिले म्हणून ते आश्चर्य, किती खोल आहे ही विहीर! मराठीत या दोन्हींचे शब्द सारखे ठेवून फरक आवाजावर सोडता येतो. इंग्रजीत तो एका 'इज'च्या जागेवर ठरतो.

नामावर आश्चर्य करायचं असेल तर 'व्हॉट' लागतो, 'व्हॉट अ डीप वेल!' विशेषणावर किंवा क्रियाविशेषणावर करायचं असेल तर 'हाऊ'. परीक्षेत याचं विधान करायला सांगतात तेव्हा 'व्हेरी' येतो, 'द वेल इज व्हेरी डीप'. अर्थ राहतो, पण तोंडातून निघालेलं 'अरे बाप्पा!' मात्र गळून पडतं. वऱ्हाडातल्या आजीचं 'माय वं!' किंवा इंग्रजीतलं 'ओह!' ही वाक्यं नव्हेत, उद्गार आहेत. पण त्यांच्यामागे अख्खं वाक्य लपलेलं असतं. आजीने 'माय वं!' म्हटल्यावर पुढचं वाक्य ती बोलली नाही तरी घरातल्या सगळ्यांना कळतं.

उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, पूर्णविराम ही सगळी मंडळी मराठीत बाहेरून आली. जुन्या मराठी पोथ्यांत दंडावर काम भागे. आजची विरामचिन्हं मराठी छापील मजकुरात रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात. मराठी वाक्याचा प्रकार आवाजात होता, आवाज कागदावर उतरत नाही, म्हणून या खुणांची मराठीला इंग्रजीपेक्षाही जास्त गरज होती. स्टँडवरची ती तीन वाक्यं याच लेखात छापताना शेवटची खूण काढून टाकली असती तर वाचणाऱ्याला त्यांतला फरक कळला नसता.

नाही, नको, नये

होकारार्थी आणि नकारार्थी हा वाटणीचा आणखी एक धागा, जो वरच्या चारही प्रकारांतून फिरतो. मराठीचा नकार बहुधा शेवटी बसतो आणि प्रसंगाप्रमाणे कपडे बदलतो. नाही, नव्हता, नको, नये, नका. 'मी उद्या सभेला येणार' इथवर ऐकून समोरचा खूश होतो आणि मग 'नाही' येतो. इंग्रजीत 'आय विल नॉट' पहिल्या तीन शब्दांतच निराशा सांगून मोकळी होते.

दुसरा फरक जास्त चुका घडवतो. 'मला काहीच माहीत नाही', 'कुणीच आलं नाही' यांत मराठी दोनदा जोर लावते आणि दोन्ही मिळून एकच नकार होतो. प्रमाण इंग्रजीत एका वाक्याला एकच नकार पुरतो, 'नोबडी केम.' 'नोबडी डिड नॉट कम' म्हटलं तर अर्थ उलटतो, म्हणजे न आलेला कुणीच नव्हता, सगळे आले.

परीक्षेतलं आवडतं काम म्हणजे अर्थ न बदलता होकाराचा नकार करणं. 'ही इज ऑलवेज ऑनेस्ट' चं 'ही इज नेव्हर डिसऑनेस्ट' होतं. उलट अर्थाचा शब्द घ्या आणि नकार लावा, दोन उलटे मिळून सुलटं होतं. 'अ‍ॅज सून अ‍ॅज' चं 'नो सूनर… दॅन' हे सगळ्यांना सगळ्यात जड जातं, कारण तिथे 'नो सूनर डिड द बेल रिंग' अशी प्रश्नासारखी रचना होते आणि प्रश्न मात्र नसतो. नकाराचा शब्द उंबऱ्यावर आला की सहायक क्रियापदही त्याच्यामागे पुढे येतं, हा इंग्रजीचा जुना रिवाज आहे. प्रश्न आणि हे वाक्य, दोन्हींत एकच हालचाल होते. ती एकदा ओळखीची झाली की 'नो सूनर' चा बागुलबुवा राहत नाही.

क्रियापदं मोजा, शब्द नकोत

आता दुसरी वाटणी, बांधणीची. सिम्पल, कम्पाउंड, कॉम्प्लेक्स. मराठीत केवल, संयुक्त, मिश्र. सिम्पल म्हणजे छोटं, असा समज सगळीकडे आहे आणि तो चुकीचा आहे. पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं लिहिणाऱ्या कात्यायनाने वाक्याची जी ओळख दिली तिचा गाभा असा की ज्यात एकच पूर्ण क्रियापद असतं ते वाक्य. आजचं केवल वाक्य याच मापाने मोजतात.

हे मराठी वाक्य पाहा. 'पाऊस उघडल्यावर शेतात जाऊन, तण काढून, गवताचा भारा डोक्यावर घेऊन घरी परतलेल्या आईने चूल पेटवली.' एवढं लांब, पण पूर्ण क्रियापद एकच, 'पेटवली'. बाकी उघडल्यावर, जाऊन, काढून, घेऊन, परतलेल्या ही सगळी अर्धी क्रियापदं, धातुसाधितं. म्हणून हे केवल वाक्य. याउलट 'तो आला आणि गेला' हे चार शब्दांचं वाक्य संयुक्त आहे, कारण त्यात दोन पूर्ण क्रियापदं आणि दोघांचा दर्जा सारखा.

ही 'ऊन'ची माळ भारतातल्या बहुतेक भाषांचं बळ आहे. इंग्रजीकडे 'हॅविंग' आणि 'इंग' आहेत, पण ती माळ फार लांब चालत नाही. दोन-तीन मणी झाले की इंग्रजी धापा टाकते आणि 'आफ्टर', 'व्हेन', 'अँड' यांना बोलावते. म्हणजे मराठीतलं केवल वाक्य इंग्रजीत जाताना अनेकदा मिश्र किंवा संयुक्त होतं. 'सोयाबीन निघाल्यावर लग्न करू' हे आपलं केवल वाक्य. इंग्रजीत 'आफ्टर'च्या मागे सोयाबीन काढणीचं छोटं वाक्यच जोडलं तर ते कॉम्प्लेक्स होतं. भाषांतर करून शिकवणाऱ्या जुन्या पद्धतीत, पिढ्यान्पिढ्या चाललेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतही, मराठी वाक्याची घडी मोडून इंग्रजीची घडी घालण्याचा हाच सराव मुख्य होता.

कॉम्प्लेक्स वाक्यात एक मुख्य वाक्य असतं आणि बाकीची त्याच्या आधाराने उभी. मराठीत या आधाराला दोन्ही बाजूंनी बिजागरी लावायची पद्धत आहे. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जर-तर, जरी-तरी. इंग्रजीत एका बाजूची बिजागरी पुरते. 'जरी पाऊस पडला तरी आम्ही खेळलो' याचं इंग्रजी करताना मुलं 'ऑल्दो' ही लिहितात आणि 'बट' ही. हा निष्काळजीपणा नाही. मनातलं 'तरी' कुठेतरी ठेवायचं असतं, म्हणून ते 'बट' लिहितात. इंग्रजीत 'ऑल्दो' ने दारातच सांगून टाकलेलं असतं की पुढे विरोध येतोय, मग शेवटी पुन्हा सांगायची गरज नाही. मुलांना 'बट खोडा' म्हणण्यापेक्षा हे कारण सांगितलं तर ती दुसऱ्यांदा चुकत नाहीत.

मराठीत 'तो म्हणाला की…' अशी रचना आपण सर्रास करतो. हा 'की' फारसीच्या प्रभावातून मराठीत स्थिरावला, असं अभ्यासक मानतात. जुनी घरगुती रीत उलटी आहे, 'मी उद्या येतो असं तो म्हणाला'. आधी बोलणं, मग बोलणारा. वऱ्हाडी तर 'तो उद्या येते म्हणे' एवढ्यावर मोकळी होते. इंग्रजीत मात्र आधी 'ही सेड', मग 'दॅट', मग काळही एक पायरी मागे. 'मी आजारी आहे असं तो म्हणाला' मध्ये आजारपण वर्तमानात आहे. 'ही सेड दॅट ही वॉज इल' मध्ये ते भूतकाळात गेलं. इथे वाक्याच्या प्रकारांचीही परीक्षा होते. प्रश्न सांगताना 'आस्क्ड इफ' येतो आणि क्रियापद मुकाट्याने कर्त्याच्या मागे परत जातं. हुकूम सांगताना 'टोल्ड' आणि 'टू' येतात. प्रश्नाने पुढे आणलेलं क्रियापद परत जागेवर का जातं? कारण आता वाक्य विचारत नाही, विचारलं होतं एवढं सांगतंय. काम बदललं, म्हणून जागा बदलली.

हे तक्ते आले कुठून

गंमत अशी की मराठी वाक्यांचे जे प्रकार आपण शाळेत शिकतो त्यांच्या मांडणीवर इंग्रजीची छाप आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण लिहिलं तेव्हा त्यांच्यासमोर इंग्रजी व्याकरणाचे नमुने होते. मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने मराठीचा तिच्या स्वभावानुसार सखोल विचार केला. इंग्रजीच्या बाजूने नेसफिल्डचं पुस्तक आणि नंतर रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक भारतीय शाळांत घट्ट बसलं. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही इंग्रजी पहिलीपासून आली. पण व्याकरण वरच्या वर्गात गेल्यावर त्याच जुन्या चौकटींत शिकवलं जातं.

या चौकटी चुकीच्या नाहीत. त्या उत्तर आहेत, पण मुलांना प्रश्न न देता उत्तर दिलेलं आहे. प्रश्न असा की बोलणाऱ्याचं मन ऐकणाऱ्याला कोणत्या खुणेवरून कळतं? ऐकणाऱ्याचा हा विचार वाशिमला नवा नाही. दहाव्या शतकाच्या आसपास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं ते विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे याच वाशिमला. वैदर्भी शैलीला वत्सगुल्मावरून 'वच्छोमी' असंही नाव होतं. लांबलचक समास टाळणं आणि अर्थ झटकन पोचवणं, हा तिचा लौकिक. वाक्याने ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवू नये, ही इथल्या मातीची जुनी आवड दिसते.

वर्गात करून पाहण्यासारखा एक खेळ आहे. फळ्यावर इंग्रजी वाक्य लिहायचं आणि पहिले दोन शब्द सोडून बाकी सगळं वहीने झाकायचं. 'डिड ही…', 'व्हॉट अ…', 'डू नॉट…', 'द फार्मर…', 'नेव्हर हॅव…', 'इफ इट…'. मुलांनी प्रकार ओळखायचा. बहुतेक बरोबर येतात. 'नेव्हर हॅव' ला थोडी फसतात, आणि त्यातून नकाराचा रिवाज आपोआप निघतो. मग मराठी वाक्य लिहायचं आणि शेवटचा शब्द झाकायचा. 'आमच्या गावात यंदा पाऊस पडला…' वर्गात एकच गलका होतो. कुणी 'नाही' म्हणतो, कुणी 'का', कुणी 'ना', कुणी 'तर'. झाकलेला शब्द कळेपर्यंत वाक्य कोणत्या जातीचं हे मराठी बोलणाऱ्या कुणालाच सांगता येत नाही, आणि हे आजवर आपल्या लक्षातही आलं नव्हतं याचं मुलांना हसू येतं. त्यानंतर तक्ता काढला तर तो पाठ करायचा कागद राहत नाही. आपण कुठे कान द्यायचा आणि इंग्रजी माणूस कुठे देतो, याचा तो नकाशा असतो.